मुंबईचं कूपन, बंगळूरची रमी

बंगळूरहून रात्री सुटलेली कोल्हापूरची बस पहाटे निपाणी सोडते, कोगनोळीचा नाका ओलांडते आणि कागलच्या हद्दीत शिरते. २०२१ च्या ऑक्टोबरात अशाच एका प्रवासात शेजारच्या सीटवरचा पोरगा दर दोन मिनिटांनी मोबाइल उघडून बघत होता. रमीचं ॲप. निपाणीपर्यंत पडद्यावर एकच ओळ: तुमच्या राज्यात हा खेळ उपलब्ध नाही. नाका मागे पडला, कागलचे दिवे दिसले आणि पडद्यावर तेरा पत्ते वाटले गेले. पोरगा माझ्याकडे बघून हसला. "आता महाराष्ट्र," म्हणाला.

राज्याची हद्द पाटीवर असते, खांबावर असते, सीमाभागात तर ती घराघरातल्या भांडणातही असते. पत्त्यांच्या कॅटात शिरलेली हद्द मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पण खेळावरून मुंबई आणि बंगळूर यांची जुंपायची ही पहिली वेळ नव्हती. १९५० च्या दशकात 'स्पोर्टिंग स्टार' नावाचं साप्ताहिक बंगळुरात छापलं जायचं. त्याचे संस्थापक आर. एम. डी. चमारबागवाला. साप्ताहिकातून ते बक्षिसाची शब्दकोडी चालवायचे आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून ती 'आरएमडीसी क्रॉसवर्ड्स' म्हणून ओळखली जायची. छपाई म्हैसूर राज्यातली, पण कुपनं भरणारे हजारो लोक मुंबई राज्यातले. तिथे कुपनं आणि फी गोळा करायला कंपनीची ठिकाणं होती, माणसं होती. मुंबई सरकारचा लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवरच्या कराचा १९४८ चा कायदा प्रांताबाहेर छापलेल्या वर्तमानपत्रांना लागू नव्हता. १९५२ च्या दुरुस्तीने ती फट बुजवली आणि बंगळूरच्या साप्ताहिकाला मुंबईचा कर लागला. गंमत अशी, की कायदा दुरुस्त झाला तेव्हा निपाणी मुंबई राज्यात होती आणि ९ एप्रिल १९५७ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा म्हैसुरात गेली होती.

कोड्याची मेख साधी होती. एका सूचनेला दोन शब्द सारखेच लागू पडायचे. त्यातला 'बरोबर' कोणता, हे आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेलं. म्हणजे तुमचं भाषेचं ज्ञान पणाला लागायचं नाही, आयोजकांच्या मनातलं ओळखायचं. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी हा जुगारच ठरवला. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या विलापापासून महाभारतापर्यंतचे दाखले देत त्यांनी सांगितलं, की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या मूलभूत हक्काची ढाल त्याला मिळत नाही. (आपल्या पंचांगात बलिप्रतिपदेचं दुसरं नाव द्यूतप्रतिपदा आहे, हा दाखला निकालात असता तर मला आवडलं असतं.) मुंबईने बंगळूरवर कर कसा लावला, याचं उत्तर होतं: कुपनं इथे भरली जातात, पैसे इथे गोळा होतात, जाहिरात इथे वाचली जाते, एवढा धागा पुरे.

त्याच दिवशी चमारबागवालांच्याच दुसऱ्या खटल्याचा निकाल लागला, केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्यावरचा. त्या कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांवरच्या बक्षिसांना बंदी घातली होती आणि प्रवेशिकांची मर्यादा दोन हजारांवर आणली होती. न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण एक ओळ आखून: ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं, तिला हा कायदा लागू नाही. या ओळीवर पुढे अब्जावधींचा धंदा उभा राहिला. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला: पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता ठेवायचा, कोणता टाकायचा याचा विचार लागतो. तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीलाही कौशल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

गेल्या सत्तर वर्षांतले हे निकाल ओळीने लावून पाहिले, की एक गोष्ट डोळ्यात भरते. कौशल्य की नशीब हा वाद वकिलांना पोसत राहिला, न्यायमूर्तींनाही त्यात रस वाटला, पण खेळ चालणार की बंद होणार हे दर वेळी ठरलं ते दार कोणाच्या ताब्यात आहे यावर. कधी ते दार कुपन गोळा करणाऱ्याचं दुकान होतं, कधी पोलीस आयुक्तांचा परवाना, आज ते ॲप स्टोअर आहे, बँकेचा व्यवहार आहे आणि दिल्लीहून निघालेला, कोणी न वाचलेला एक आदेश आहे.

व्हिडिओ गेमचंच बघा. ऐंशीच्या दशकात आपल्या शहरांत व्हिडिओ पार्लर आली. अंधारी खोली, नाणं टाकायची फट असलेली पेटी, खांद्यावरून डोकावणारी चार पोरं. काही पेट्यांत निव्वळ उडणारी विमानं पाडायची असत, तर काहींत पडद्यावर पत्ते नाहीतर आकडे फिरत आणि पैसे सुटत. बंगळुरात १९८९ मध्ये सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचा आदेश निघाला आणि पार्लरवाले आयुक्तांच्या दारात उभे राहिले. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या नावाने १९९५ मध्ये निकाल लागला. खेळ पडद्यावरचा आहे म्हणून तो 'गेमिंग'च्या व्याख्येतून सुटत नाही, आणि परवाना लावण्याचा सरकारचा अधिकार वैध आहे, असा त्याचा मथितार्थ. या निकालाची चर्चा फारशी होत नाही. मला मात्र तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्यात यंत्रात करता येणाऱ्या लबाडीचा विचार आहे. पेटीच्या आत काय चाललंय हे खेळणाऱ्याला दिसत नाही. रमीच्या ॲपमध्ये समोरचा 'खेळाडू' माणूस आहे की कंपनीचाच प्रोग्राम, हे त्या बसमधल्या पोराला कुठे दिसत होतं? १९६७ च्या रमीत चार माणसं सतरंजीवर बसलेली होती आणि पिसणाऱ्याच्या हातावर सगळ्यांची नजर होती.

मधल्या काळात बंगळूर या धंद्याचं माहेरघर झालं. खेळ घडवणाऱ्यांची बाजू जुनी: ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी इथे १९९७ मध्ये निघाली आणि २०१९ मध्ये 'जीटीए'वाल्या रॉकस्टारने ती विकत घेतली. कर्नाटकाने ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी २०१२ मध्येच धोरण आणलं. दुसरी बाजू पैसे लावण्याची: एमपीएल इथली, रमीवाली गेम्सक्राफ्ट इथली. एकच सरकार एका हाताने गेमिंगच्या परिषदा भरवत होतं आणि दुसऱ्या हाताने पोलीस कायदा दुरुस्त करत होतं.

ती दुरुस्ती ५ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग त्यात डोकं लागो की नशीब, गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद. लॉटरी आणि रेसकोर्सवरची पैज मात्र वगळलेली. घोडा धावला तर चालेल, पत्ते धावले तर नाही! अन्नपूर्णेश्वरीनगर पोलीस ठाण्यात एका टॅक्सीचालकाच्या तक्रारीवरून ड्रीम ११ या फँटसी खेळाच्या कंपनीच्या संस्थापकांवर गुन्हा नोंदला गेला आणि कंपनीने कर्नाटकातलं काम थांबवलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याच कंपनीचा खेळ कौशल्याचा ठरवला होता, त्यामुळे महाराष्ट्रात तो राजरोस चालू होता. कोगनोळीचा नाका महत्त्वाचा झाला तो यामुळे.

१४ फेब्रुवारी २०२२ ला मुख्य न्यायमूर्ती रितुराज अवस्थी आणि न्यायमूर्ती कृष्ण दीक्षित यांच्या खंडपीठाने ही दुरुस्ती रद्द केली. जुगारावर बंदी घालता येते, कौशल्याच्या खेळावर सरसकट नाही. राज्याच्या यादीतला 'पैज आणि जुगार' हा विषय एवढा ताणता येत नाही. कंपन्यांनी पेढे वाटले असतील. पण त्याच दिवशी दुसरी बातमी होती: केंद्राने ५४ ॲपांवर बंदी घातली आणि त्यात लाखो पोरांचा फ्री फायर हा खेळ होता. त्या खेळात पैसे लावायचे नव्हते, नशीब-कौशल्याचा प्रश्न नव्हता. कारण देशाच्या सुरक्षेचं. ज्या खेळावर चार महिने खटला चालला तो सुटला आणि ज्याचा त्या खटल्याशी काही संबंध नव्हता तो एका रात्रीत गेला.

हे दुसरं दार म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ अ. त्याखाली सरकार ठरावीक कारणांसाठी इंटरनेटवरचं काहीही अडवू शकतं आणि २००९ च्या नियमांनुसार आदेश गोपनीय राहतो. पब्जी २ सप्टेंबर २०२० ला असंच गेलं, ११८ ॲपांच्या यादीतून. मूळची दक्षिण कोरियाची क्राफ्टन कंपनी चिनी भागीदाराला बाजूला करून बंगळुरात कार्यालय थाटून परत आली. जुलै २०२१ मध्ये 'बीजीएमआय' या नावाने खेळ सुरू झाला. २८ जुलै २०२२ ला तोही गायब. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या परीक्षेवर परतला, अल्पवयीनांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा तास या अटीवर. नळाला पाणी येतं-जातं तसा खेळ आला-गेला आणि का आला, का गेला हे नेमकेपणाने सांगणारा कागद खेळणाऱ्याच्या हाती कधी पडला नाही. त्या काळात आमच्या सोसायटीतली पोरं बंदी हा सर्व्हर डाऊन असल्यासारखाच प्रकार धरून चालायची. "अंकल, अजून चालू नाही झालं?"

कलम ६९ अ च्या गुप्ततेला बंगळुरातच आव्हान मिळालं, पण खेळवाल्यांकडून नव्हे, ट्विटरकडून. कंपनीचं भारतातलं कार्यालय इथलं, म्हणून खटला कर्नाटक उच्च न्यायालयात. ३० जून २०२३ ला याचिका फेटाळली गेली आणि ट्विटरवर ५० लाखांचा खर्च बसवला गेला (पुढे खंडपीठाने तो अटीवर स्थगित केला). निकाल देणारे न्यायमूर्ती तेच, कृष्ण दीक्षित. रमी कंपन्यांना व्यवसायाचा हक्क देणारं खंडपीठ आणि आदेशाची कारणं मागणाऱ्या कंपनीला दंड करणारं एकल पीठ, दोन्हीत एकच नाव आहे. विसंगती आहे असं मी म्हणत नाही. कायद्याच्या भाषेत दोन्ही सुसंगत बसतात आणि तेच मला अस्वस्थ करतं. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती एम. नागप्रसन्ना यांनी 'सहयोग' पोर्टलविरुद्धची एक्सची (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरची) याचिकाही फेटाळली. या पोर्टलवरून वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी कंपन्यांना मजकूर काढायला सांगतात, आणि त्यासाठी ६९ अ ची पद्धतसुद्धा पाळावी लागत नाही.

कंपन्यांची बाजू घेऊन रडायचं कारण नाही. त्यांचंही स्वतःचं राज्य आहे आणि त्याला संसद नाही. गुगलने बरीच वर्षं प्ले स्टोअरवर पैशाचे खेळ येऊच दिले नाहीत, मग २०२२ च्या सप्टेंबरात फक्त फँटसी आणि रमी या दोन प्रकारांना प्रयोग म्हणून आत घेतलं. बाकीच्यांनी काय करायचं? विन्झो या गेमिंग कंपनीने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. फ्री फायर बंद झाला तेव्हा सरकारचा आदेश आणि स्टोअरचं बटण यांच्यात फरक करायला खेळणाऱ्याकडे काही साधन नव्हतं. दोन्हीकडे आयकॉन नाहीसा होतो, एवढंच.

आता कराकडे येतो, कारण मुंबई सरकारचं १९५२ मधलं दुखणं कराचंच होतं. गेम्सक्राफ्टला सप्टेंबर २०२२ मध्ये २०,९८९ कोटी रुपयांच्या जीएसटीची नोटीस आली. आकडा एवढा का, हे एका डावावरून समजून घेऊ. दोघांनी शंभर-शंभर रुपये लावले. पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक जी नाल काढतो, तीच ॲपवाला काढतो. समजा दोघांचे मिळून वीस. जिंकणाऱ्याला १८० मिळाले. कंपनी म्हणायची, आमची कमाई वीस, त्यावर १८ टक्के म्हणजे ३ रुपये ६० पैसे. खातं म्हणायचं, हा जुगार आहे, कर दोनशेवर, २८ टक्के, म्हणजे ५६ रुपये. वीस रुपये कमावणाऱ्याने छप्पन्न भरायचे, आणि तेही मागच्या पाच वर्षांचे. मे २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने नोटीस रद्द केली, सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तोवर जीएसटी परिषदेने वादच मिटवला होता: १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के. कौशल्य असो वा नशीब. न्यायालय ज्या ओळीवर सत्तर वर्षं काथ्याकूट करत होतं, ती कराच्या एका बैठकीत पुसली गेली.

महाराष्ट्रात आपण हा विषय बहुतेक विनोदाच्या अंगाने घेतला. पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला २०२३ मध्ये ड्रीम ११ वर दीड कोटी लागले, त्याने गणवेशात मुलाखती दिल्या आणि तो निलंबित झाला. जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहात मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. काही दिवसांत कृषी खातं गेलं आणि त्यांच्याकडे आलं क्रीडा खातं. कोणाला हे मुद्दाम सुचलं असतं तरी एवढं जमलं नसतं. सचिन तेंडुलकरच्या वांद्र्याच्या घरासमोर बच्चू कडूंनी ऑगस्ट २०२३ मध्ये आंदोलन केलं होतं, ते तेंडुलकरने केलेल्या अशाच एका जाहिरातीवरून. हसण्यावारी नेताना कर्ज काढून हरलेल्यांची घरं मात्र बातमीच्या चार ओळींत उरकली जातात. 'छापा, मुद्देमाल जप्त' या ठरावीक मथळ्याला इथे मुद्देमालही सापडत नाही. अड्डा उशाशी चार्जिंगला लावलेला असतो.

आणि मग केंद्राने एका आठवड्यात सगळं उरकलं. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत ऑनलाइन खेळांचं विधेयक मांडून मंजूर, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. नव्या कायद्यात पैशाचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाख, पैशांचा व्यवहार करून देणाऱ्या बँकेलाही शिक्षा. खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेलं नाही, हे चांगलं. कौशल्य आणि नशीब दोन्ही शब्द पैशाच्या खेळाच्या व्याख्येत आहेत, पण 'असो वा नसो' एवढ्यापुरतेच. ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी गमावतात, हा सरकारचा अंदाज. एमपीएल भारतातल्या सुमारे ६० टक्के कर्मचाऱ्यांना कमी करणार, अशा बातम्या पुढच्या काही दिवसांत आल्या. सप्टेंबरात जीएसटी परिषदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांना ४० टक्क्यांच्या रांगेत नेलं. आदल्याच महिन्यात ज्याला गुन्हा ठरवलं, त्याचा दरही ठरला. जुगार वाईट, त्यावरचा कर गोड, हे १९५२ पासून बदललेलं नाही.

बंदीला माझा विरोध नाही. नाल काढणारा मालक आणि पत्ते वाटणारा प्रोग्राम एकाच खिशात असेल, तर १९६७ चा रमीचा निकाल त्याला उसना देता कामा नये. माझी तक्रार कायद्यातल्या दुसऱ्या एका दाराबद्दल आहे. अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेता येते, आणि ही 'जागा' भौतिक असेल किंवा डिजिटल. बंगळुरातच राहिलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २०१७ मध्ये खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरला. त्या हक्काची कसोटी आता दंडाधिकाऱ्याच्या सहीवाचून उघडलेल्या मोबाइलवर लागेल. तामिळनाडूने वेगळी वाट धरून पाहिली होती: मध्यरात्र ते पहाटे पाच खेळ बंद, ओळख पटवणं सक्तीचं. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ते नियम उचलून धरले. माणूस रात्री दोन वाजता जास्त हरतो, हे तिथल्या कोणीतरी लक्षात घेतलं होतं. अडीच महिन्यांत केंद्राच्या कायद्याने तो प्रयोग झाकोळून टाकला.

काही गोष्टी या सगळ्यातून सुटल्या. मांडवीत उभी असलेली कॅसिनोची जहाजं गोव्याच्या १९७६ च्या कायद्याखाली जिथल्या तिथे आहेत. पैसे देऊन बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशीब, असली 'लूट बॉक्स' पोरांच्या साध्यासुध्या खेळांतही आहेत. बेल्जियमने २०१८ मध्ये त्यांना जुगार ठरवलं, आपल्या नव्या कायद्यात त्यांचं नावही नाही. पेटीच्या आत काय चाललंय हा १९९५ चा प्रश्न तिथे जसाच्या तसा पडून आहे.

नव्या कायद्याला पहिलं आव्हान दिलं गेलं ते बंगळुरातच, ए२३ रमी चालवणाऱ्या हेड डिजिटल वर्क्सकडून. ८ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेशातल्या याचिका स्वतःकडे घेतल्या. कंपन्यांच्या वकिलांना कौशल्याची ओळ हवी आहे, ती ९ एप्रिल १९५७ च्या दुसऱ्या निकालात आहे. सरकारला जुगार हा व्यापारच नव्हे हे वाक्य हवं आहे, ते त्याच दिवशीच्या पहिल्या निकालात आहे. दोन्ही फायलींवर नाव एकच, बंगळुरात साप्ताहिक छापून मुंबईची कुपनं गोळा करणाऱ्या चमारबागवालांचं.